'आपण' आणि 'आम्ही' : चालणाऱ्याच्या कानातील निवेदक

१

जुन्या शहराच्या वेशीशी आलेला प्रवासी आज हेडफोन कानाला लावतो, कळ दाबतो आणि चालू लागतो. त्याच्या सोबतीला वाटाड्या नसतो, वाटाड्याचा आवाज असतो. हा आवाज त्याला डावीकडे वळायला सांगतो, एखाद्या वाड्यासमोर थांबवतो, शतकांमागची हकीकत ऐकवतो आणि पुढच्या चौकाकडे नेतो. या प्रकाराला मराठीत अद्याप रूढ संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'श्राव्य पदफेरी' ही कामचलाऊ संज्ञा वापरली आहे.

श्राव्य पदफेरीची चर्चा होते ती पर्यटनाचे एक साधन म्हणून. एक संहिता म्हणून तिच्याकडे आपल्या समीक्षेने पाहिलेले नाही. वस्तुतः निवेदनाची सर्व अंगे तिच्यात आहेत. तिला निवेदक आहे, अभिप्रेत श्रोता आहे, घटनांचा क्रम आहे, विराम आहेत आणि शेवटही आहे. वेगळेपण एवढेच, की या संहितेचे पान उलटले जाते ते पायांनी. श्रोता चालला नाही तर संहिता पुढे सरकत नाही. किंबहुना ती पुढे सरकली तरी निरर्थक होते.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. १९५२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने लघुलहरी प्रक्षेपणाच्या साहाय्याने प्रेक्षकांच्या कानापर्यंत निवेदन पोहोचवले. पुढे ध्वनिफीत आली, मग तबकडी आली आणि आता भ्रमणध्वनी आला आहे. दरम्यान कॅनडातील कलावंत जॅनेट कार्डिफ यांनी १९९१ पासून पदफेरीलाच कलाकृतीचे रूप दिले. लंडनच्या व्हाइटचॅपल भागासाठी त्यांनी १९९९ मध्ये केलेली पदफेरी माहिती देण्यासाठी नाही. ती ऐकणाऱ्याला स्वतःच्याच पावलांविषयी साशंक करते. म्हणजे या प्रकारात कलात्मकतेच्या शक्यता आहेत, हे सिद्ध झालेले आहे. प्रश्न वेगळा आहे. पदफेरीतील आवाज जेव्हा 'इथे' म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या वतीने म्हणतो? या प्रश्नाचा विचार करताना मराठी गद्याच्या आरंभकाळातील एका परंपरेकडे वळणे उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्या परंपरेच्या कसोटीवर शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांतल्या दोन वाटाही येथे पाहावयाच्या आहेत.

२

'मी', 'तू', 'इथे', 'आता' या शब्दांना कोशात स्थिर अर्थ नसतो. उच्चाराच्या प्रत्येक प्रसंगी तो नव्याने भरला जातो, हे एमिल बेनव्हेनिस्त यांनी दाखवून दिले आहे. समोरासमोरच्या बोलण्यात 'इथे' हा शब्द बोट, नजर आणि सामाईक जमीन यांच्या आधाराने उभा राहतो. लिखित कथेत तो कल्पित अवकाशात उभा राहतो. श्राव्य पदफेरीत मात्र विलक्षण घडते. बोलणारा जेव्हा 'इथे' म्हणाला तेव्हा तो ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत होता. ऐकणारा जेव्हा 'इथे' ऐकतो तेव्हा तो उन्हात, गर्दीत, एका विशिष्ट दगडासमोर उभा आहे. दोघांची जमीन एक नाही. तरीही संपूर्ण संहिता ती एक असल्याच्या संकेतावर उभी असते.

मराठीत हा संकेत एका सर्वनामावर तोललेला असतो. ते सर्वनाम म्हणजे 'आपण'. इंग्रजीसारख्या भाषेत श्रोत्याला सामावून घेणारे आणि त्याला वगळणारे अशी प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन वेगळी रूपे नाहीत. मराठीत ती आहेत. 'आपण' मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही' मधून तो वगळला जातो. शिवाय 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषी रूपही आहे. 'आपण आता दरवाजासमोर उभे आहात' आणि 'आपण आता आत जाऊ' या दोन वाक्यांत सर्वनाम एकच आहे, पण पहिल्यात निवेदक बाहेर आहे आणि दुसऱ्यात तो श्रोत्याबरोबर चालतो आहे. मराठी पदफेरीची संहिता या दोन 'आपण'मधून सहज ये-जा करू शकते. या ये-जा करण्यातूनच जवळिकीचा आभास निर्माण होतो. जो चालत नाही तोही सोबत चालल्यासारखा वाटतो.

या संहितेत सहसा न येणारे रूप म्हणजे 'आम्ही'. 'आम्ही' म्हणायचे तर बोलणाऱ्याला त्या जागेचे व्हावे लागते, आणि ऐकणाऱ्याला पाहुणा करावे लागते. पदफेरीचा निवेदक कोठलाच नसतो. तो प्रमाण मराठीत बोलतो, त्याचे वय, जात, गाव यांचा मागमूस आवाजात राहू दिला जात नाही. ही निःपक्षता नव्हे. तिच्यामागे एक निवड आहे. जागेविषयी 'आपण' म्हणणारा आवाज ती जागा सर्वांची असल्याचे सुचवतो आणि ती ज्यांची आहे त्यांना त्याच श्वासात गप्प करतो.

मिशेल द सर्तो यांनी चालण्याला उच्चाराची उपमा दिली आहे. भाषाव्यवस्थेच्या संदर्भात बोलणे जे करते, तेच नगररचनेच्या संदर्भात चालणे करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चालणारा वाट वाकवतो, टाळतो, आडवाट काढतो. हे मान्य केले तर श्राव्य पदफेरी ही एक चमत्कारिक उक्ती ठरते. येथे उच्चार पायांचा, पण वाक्यरचना दुसऱ्याची. चालणारा दुसऱ्याने रचलेले वाक्य आपल्या पायांनी म्हणून दाखवतो.

३

चालणाऱ्यासाठी संहिता रचण्याचा प्रयत्न मराठीत पूर्वी झाला नाही असे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आणि श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा संकलित केल्या. त्यांपैकी गोविंदप्रभूंचे चरित्र हे एका अर्थी एका मध्ययुगीन गावाच्या पदफेरीचेच चरित्र आहे. हे गाव म्हणजे विदर्भातील ऋद्धिपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. गोविंदप्रभू या गावातून हिंडत राहतात. ते कोणाच्याही घरात शिरतात, रांधलेले खातात, मुलांत खेळतात, देवळातील मूर्तींशी बोलतात. त्यांच्या चालण्याला योजना नाही, पण लीळा वाचता वाचता वाचकाच्या मनात गावाची रचना उभी राहते. या फिरण्याला गावाची वेस बांधत नाही आणि गावातील जातींच्या वस्त्यांची कुंपणेही बांधत नाहीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीला पाणी नव्हते, तेथे विहिरीची जागा त्यांनी दाखवल्याची लीळा या दृष्टीने महत्त्वाची आहे. पदफेरीच्या परिभाषेत सांगायचे तर गावाच्या प्रतिष्ठित मार्गावर न येणारे ठिकाण येथे मार्गावर येते, आणि ते येते ते त्या वस्तीच्या गरजेमुळे.

चक्रधरांच्या प्रयाणानंतर पंथीयांपुढे स्मरणाचा प्रश्न उभा राहिला. देव संनिध नाही, तेव्हा त्याच्या संबंधाने पुनीत झालेल्या गोष्टींचा आधार उरतो. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे ते चार आधार. त्यांपैकी पहिल्या आधारासाठी 'स्थानपोथी' सिद्ध झाली. वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांना उपलब्ध करून दिली. देव कोठे बसले, कोठे निजले, कोठे जेवले याची ही नोंदवही आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूला ओटा आहे, एका स्थानापासून दुसरे कोणत्या दिशेला आहे, अशा तपशिलांनी ती भरलेली आहे. तिचे गद्य कोरडे आहे. वर्णनाचा मोह तिला नाही.

अवकाशाच्या वर्णनाचे 'नकाशा' आणि 'फेरी' असे दोन प्रकार अभ्यासकांनी मानले आहेत. नकाशात वस्तू एकमेकींच्या कोणत्या बाजूला आहेत हे सांगितले जाते. फेरीत काय केले असता कोठे पोहोचता येते हे सांगितले जाते. स्थानपोथीत हे दोन्ही आहेत, परंतु एका विशेष रीतीने. देवाच्या भ्रमणाचा क्रम ही तिची फेरी आणि दिशांची नोंद हा तिचा नकाशा. आजच्या श्राव्य पदफेरीत 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' असतात. स्थानपोथीचा आधार पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर हा आहे. हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. 'डावीकडे' हे चालणाऱ्याच्या देहाला बांधलेले असते. तो उलटा वळला की वाक्य खोटे ठरते. 'पूर्वेकडे' हे जमिनीला बांधलेले असते. पहिली रीत श्रोत्याला आज्ञा करते, दुसरी त्याला स्वतः उभे राहून दिशा शोधायला लावते. स्थानपोथीचा भर चालणाऱ्याला संबोधण्यावर नाही. ती त्याला 'आपण' म्हणून कवेत घेत नाही. स्थान सांगते आणि स्मरणाचे काम त्याच्यावर सोपवते.

दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयीचे वेगळे मत 'वासना' म्हणून नोंदवून ठेवलेले आढळते. कोणाच्या स्मरणात प्रसंग एका रीतीने होता, कोणाच्या दुसऱ्या. पाठपरंपरेने दोन्ही जपले. ज्या संप्रदायाला आपल्या देवाच्या प्रत्येक शब्दाचे प्रामाण्य प्राणप्रिय होते, त्याने आठवणीतील विसंवाद पुसून टाकला नाही, ही वाङ्मयीन दृष्टीने असामान्य घटना आहे. बाख्तिन यांच्या अर्थाने ही बहुस्वनी कादंबरी नव्हे, हे उघड आहे. पण येथे सांगणाऱ्यांची अनेकता संहितेच्या अंगात मुरलेली आहे. श्राव्य पदफेरीत असे घडत नाही. तिथे दोन मते असली तर त्यांचा सारांश एकाच आवाजात येतो आणि मतभेद ही माहितीची आणखी एक बाब होऊन बसते.

४

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढता येतो. कोकणातील बंदरांकडून, कल्याणकडून येणारा माल या घाटाने जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठानकडे जात असे. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक नोंद असून तो राणी नागनिकेशी जोडला जातो. बाजूच्या भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या आहेत. वरची नावे मात्र टिकली आहेत.

पदफेरीच्या मीमांसेसाठी या भिंतीइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. नाव आहे, ज्याच्याकडे ते निर्देश करते ती आकृती नाही. 'हा' शिल्लक आहे, 'हा' म्हणून दाखवण्याजोगा कोणी शिल्लक नाही. गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ मध्ये या लेखांचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तुटलेल्या जागा कशा भरायच्या आणि लेखाचा काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद चालू आहेत. म्हणजे येथील संहितेलाही तिच्या 'वासना' आहेत.

या वाटेसाठी प्रस्तुत लेखकाने स्वतःच एक श्राव्य पदफेरी लिहून आपल्या आवाजात मुद्रित केली होती. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह ती ऐकत घाट चढण्याचा तो प्रयोग होता. प्रयोग फसला, आणि तो कसा फसला हे सांगण्याजोगे आहे. पहिली चूक गतीची. लेखक ज्या वेगाने बोलला त्या वेगाने कोणी चढत नव्हते. आवाज लेण्यात पोहोचला तेव्हा मंडळी अजून जंगलात धापा टाकत होती. ही चूक तांत्रिक होती, तिच्यावर उपाय आहेत. दुसरी चूक मात्र संहितेची होती. सोबत पायथ्याच्या पाड्यातील एक वाटाड्या होता. आम्हा सर्वांच्या कानात हेडफोन असल्याने तो बराच वेळ मुकाट्याने पुढे चालत राहिला. लेण्याजवळ हेडफोन निघाले तेव्हा तो बोलू लागला. लेख, राणी, यज्ञ यांविषयी तो काहीच बोलला नाही. तो खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांविषयी बोलला. कोणत्या टाक्याचे पाणी किती दिवस पुरते, कोणते पिण्याजोगे, आणि त्याच्या लहानपणी घाटावर ये-जा करणारी माणसे कोठे थांबत, हे त्याने सांगितले. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'आमी' होते. मुद्रित संहितेत टाक्यांना एक वाक्य मिळाले होते आणि त्यात 'आपण' होते.

त्या दिवशी लक्षात आले ते असे. संहितेतील माहिती चुकीची नव्हती. चुकीचे होते ते तिचे सर्वनाम. 'आपण'ने विद्यार्थ्यांना जागेचे मालक केले होते. वाटाड्याच्या 'आमी'ने त्यांना पुन्हा पाहुणे केले. पाहुणा झालेला माणूसच प्रश्न विचारतो. हेडफोन काढल्यानंतरच्या अर्ध्या तासात जितके प्रश्न विचारले गेले, तितके संपूर्ण चढणीत विचारले गेले नव्हते.

५

शहापूर तालुक्यातील माहुलीचा किल्ला ही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. किल्ल्यासाठी पदफेरी रचायची तर कथानक तयारच आहे. १६३६ मध्ये निजामशाहीच्या अखेरच्या झुंजीत शहाजीराजे बालराजासह येथे राहिले आणि येथेच ती झुंज संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या किल्ल्यांत माहुली होता. १६७० मध्ये तो परत मिळवला गेला. हा इतिहास सांगितलाच पाहिजे. पण माहुलीच्या माथ्यावरून तानसा जलाशयाचे पाणीही दिसते. हे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून ते मुंबईची तहान भागवत आले आहे. भातसा धरणही याच तालुक्यात आहे. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. माथ्यावर उभ्या असलेल्या श्रोत्याला आवाज सतराव्या शतकाकडे पाहायला सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाचे पाणी चमकत असते. डोळ्यांना दिसते ते कानाने नाकारायचे, अशी ही स्थिती आहे.

येथे ऋद्धिपूरच्या विहिरीची लीळा पुन्हा आठवते. तेराव्या शतकातील एका चरित्राला पाण्यावाचून राहिलेली वस्ती गावाच्या फेरीत सामावून घ्यावीशी वाटली. आजच्या पदफेरीचा आराखडा आखताना 'प्रेक्षणीय स्थळ' ही कल्पनाच अशा वस्तीला बाहेर ठेवते. ऐतिहासिक वास्तू जेथे संपते तेथे फेरी संपते. काळ आणि स्थळ यांचा जो बंध संहितेत घडतो, तो गडाचा काळ आणि गडाचे स्थळ इतकाच राहतो. पायथ्याचे गाव केवळ सुरुवातीचा थांबा बनते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की स्थानपोथीला आदर्श मानणे हे इतिहासाचे गौरवीकरण होय. ती पोथी सर्वांसाठी नव्हती. महानुभावांचे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंदिस्त राहिले आणि विसाव्या शतकात ते बाहेरच्या वाचकाला खुले झाले. तिचा 'स्थान' हा शब्दही एका देवाच्या संबंधानेच अर्थ मिळवतो. त्या जागेवर राहणारे लोक तेथे गौण आहेत. उलट श्राव्य पदफेरी कोणालाही ऐकता येते. ज्याला वाचता येत नाही, ज्याला दिसत नाही, जो मार्गदर्शकाचे शुल्क देऊ शकत नाही, त्याच्यासाठी ती दार उघडते.

हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. स्थानपोथीचा मजकूर किंवा तिची श्रद्धा यांचे अनुकरण येथे सुचवायचे नाही. तिच्या रचनेतील दोन तत्त्वे तेवढी उचलायची आहेत : जागेला जमिनीच्या आधाराने सांगणे, आणि चालणाऱ्यासाठी काही काम बाकी ठेवणे. तिसरे तत्त्व लीळाचरित्राच्या पाठपरंपरेतून येते. ते म्हणजे विसंवादी आठवणी वेगळ्या ठेवणे. ही तत्त्वे खुल्या संहितेलाही लागू पडू शकतात.

दुसरा आक्षेप असा, की 'आम्ही' म्हणणारा स्थानिक आवाज आणला म्हणजे प्रश्न सुटत नाही. कोणता स्थानिक? पाड्यातील ठाकर, गावातील दुकानदार की देवळाचा पुजारी? 'आम्ही' हेही वगळणारे सर्वनाम आहे. बाहेरच्याला वगळते तसे ते गावातल्याच एखाद्यालाही वगळू शकते. शिवाय बोलीतील आवाज ध्वनिफितीवर आला की तो चवीचा पदार्थ बनण्याचा धोका असतो. शहरी श्रोत्याला तो गोड वाटतो आणि गोड वाटला की ऐकला जात नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही. इतकेच म्हणता येईल की अनेक 'आम्ही' एकमेकांशेजारी ठेवले आणि त्यांच्यातील विसंवाद निवेदकाने मिटवला नाही, तर कोणताही एक 'आम्ही' जागेचा मालक होऊ शकत नाही. म्हाइंभट माणसांकडे जाऊन आठवणी गोळा करत होते. पदफेरीच्या लेखकालाही प्रथम तेच करावे लागेल, आणि ध्वनिमुद्रणाची खोली नंतर.

७

आजवर पदफेरीचे मूल्यमापन झाले ते माहितीच्या अचूकतेवर आणि आवाजाच्या गोडीवर. समीक्षेने त्यात तिसरी कसोटी आणायला हवी : ही संहिता आपल्या श्रोत्याला केव्हा हेडफोन काढायला लावते? कादंबरी वाचकाला पुस्तक मिटवायला सांगत नाही, नाटक प्रेक्षकाला उठून जायला सांगत नाही. पदफेरी हा एकच असा प्रकार आहे, की ज्याची संहिता योग्य क्षणी स्वतः थांबली तर तिच्या जागी जिवंत माणूस बोलू शकतो, कारण तो तेथेच उभा असतो. ही या प्रकाराची मर्यादा नव्हे, ती त्याची खास शक्यता आहे. नाणेघाटाची नवी संहिता लिहायला घेतली आहे. लेण्याजवळच्या टाक्यांपाशी तिच्यात एकच वाक्य असेल, आणि ते श्रोत्याला सोबतच्या वाटाड्याकडे वळायला सांगेल. त्यापुढची फीत कोरी ठेवण्याचे ठरवले आहे.